मरीआईच्या गाड्यामागून घाटाखाली

१७ सप्टेंबर २०२२, शनिवार, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. शाहूपुरीत माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, गुळाच्या अडत दुकानासमोर हमीदचाचांचा टेम्पो भरून उभा होता. गोणपाटात गुंडाळलेले गुळाचे रवे म्हणजे ढेपा, त्यावर ताडपत्री आणि ताडपत्रीवर माझी सॅक. सॅकमध्ये जनावरांचा थर्मामीटर, हातमोज्यांचे खोके आणि मी स्वतः काढलेला एक नकाशा होता.

मी पशुवैद्यकाची पदवी घेतली आहे. रोग कसे पसरतात याचा पुढचा अभ्यास परदेशात करायचा, हे माझे ठरलेले आहे, आणि त्यासाठीच्या अर्जात चार लोकांपेक्षा निराळे काही मांडायचे होते. म्हणून कोल्हापूरहून घाट उतरून खारेपाटणच्या खाडीपर्यंत जाणारी जुनी व्यापारी वाट मी निवडली. नकाशात त्या वाटेवर तीन रंगांचे बाण होते: निळा मालाचा, हिरवा धर्माचा, तांबडा रोगाचा.

पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत खणताना समुद्रापलीकडच्या कांस्याच्या वस्तू मिळाल्या, हे आमच्याकडे शाळेतच कानावर पडते. त्या वस्तू उडत आल्या नव्हत्या. जहाजातून खाडीला लागल्या, बैलांच्या पाठीवर घाट चढल्या आणि वाटेत मुक्काम करत आल्या. मुक्कामाच्या जागी कुणी लेणी कोरली, पुढे कुणी मठ बांधले, कुणा फकिराची कबर पुजली गेली. व्यापाऱ्याला निवारा हवा असतो आणि अनोळखी मुलखात विश्वासाचा माणूस हवा असतो. धर्म त्याला दोन्ही देतो. त्या बैलांच्या अंगावर बसून कोणत्या गोचिडी घाट चढल्या, याची नोंद मात्र कुणी केली नाही. ती पोकळी आपण भरायची, असा माझा विचार होता.

हमीदचाचांच्या घराण्यात हीच वाट चालत आली आहे. नकाशाकडे पाहून ते म्हणाले, “ह्यो कशाला? वाट मला झोपंत बी गावती.”

“वाट नाही शोधत, चाचा. वाटेवरून काय काय गेलं ते शोधतेय.”

“काय जायाचं? खाली गूळ, वर सुकट. माझ्या आज्याच्या टायमाला मीठ यायचं.”

“आणि रोग?”

“त्यो बी जात असंल की. त्येचं भाडं कोण देतंय?”

त्या महिन्यात गुराढोरांत लम्पीची साथ होती. ताप चढतो, अंगावर लिंबाएवढ्या गाठी उठतात, पाय सुजतात, गाभण गाय गाभ टाकते. माणसाला हा रोग होत नाही. चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचिडी तो एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात. लागण झाल्यावरही कित्येक दिवस जनावर ठणठणीत दिसते. जनावरांचे बाजार बंद होते, त्यांच्या वाहतुकीला बंदी होती. अभ्यासाला याहून सोयीचा काळ मिळणार नाही, असे मी मनात म्हटले होते. ते वाक्य आज मला बोचते.

पळसंबे, दुपार

गगनबावड्याच्या अलीकडे पळसंब्याला ओढ्याच्या पात्रातच मोठमोठे दगड आतून कोरून देवळे केली आहेत. घाटाच्या तोंडाशी, पाण्याजवळ, झाडीत. थकलेल्या तांड्याने नेमके जिथे थांबावे, तिथेच. हे सिद्ध करणारा फोटो घेण्याच्या नादात मी शेवाळावरून घसरले आणि कमरेपर्यंत भिजले. टेम्पोत बसायच्या जागी गुळाचे गोणपाट होते. ओल्या सलवारीला पाक लागला, आणि गगनबावडा येईपर्यंत मुंग्या लागल्या.

“मालाबरूबर काय काय जातंय ते घे लिवून,” चाचा म्हणाले.

घाटमाथ्यावर धुके इतके होते की गगनगडावरचा मठ आणि पिराचा दर्गा दोन्ही आहेत यावर विश्वासच ठेवावा लागला. टपरीवरची भजी मात्र धुक्यातूनही सापडली.

पिंपळवाडी, त्याच दिवशी संध्याकाळी

पुढे येणाऱ्या दोन्ही गावांची नावे मी बदलली आहेत. माथ्यावरचे पिंपळवाडी, घाटाखालचे कातळवाडी. पिंपळवाडीत चाचांचे जुने गिऱ्हाईक म्हणजे गुरवआबा. मरीआईची पूजा त्यांच्याकडे. त्यांच्या अंगणात सुताराने नुकताच घडवलेला वीतभर चाकांचा लाकडी गाडा होता. त्यात हिरव्या बांगड्या, खण, लिंबे, कडुनिंबाचे डहाळे, आणि गावातल्या आजारी गुरांच्या गळ्यांतून काढलेली दावी. गाड्यामागे एक वासरू बांधले होते. त्याच्या मानेवर, पाठीवर, मांड्यांवर गाठी होत्या, आणि प्रत्येक गाठीवर कुणीतरी कुंकवाचे बोट लावले होते.

मी हातमोजे चढवून ताप पाहिला. ४०.४ अंश सेल्सिअस, म्हणजे सणसणीत ताप.

“याला कुठं नेणार, आबा?”

“नेणार न्हाय, सोडणार. सकाळी शिवंवर. गाडा आन् वासरू, दोनी. खालची मानसं नेतील म्होरं.”

“पुढे म्हणजे?”

“त्येंच्या शिवंपतुर. तितनं त्येंच्या खालचं गाव. असं करत करत देवी खाडीला जाती.”

“आणि रात्री वासरू?”

“गोठ्यात की. देवीचं जनावर हाय, उपाशी ठेवत्यात व्हय? चारापानी करायचं, सकाळी म्होरं लावायचं. हितल्या गावांची रीत हाय ती.”

संसर्ग गावोगाव कसा पोहोचवावा, असा प्रश्न मला परीक्षेत आला असता, तर याहून अचूक उत्तर मला लिहिता आले नसते. एकही गोठा चुकणार नव्हता. पाहुणचारच तशी हमी देत होता. रोगाला देवी म्हणायचे, तिची ओटी भरायची आणि तिला शेजाऱ्याच्या हद्दीत सोडून यायचे. नकाशातले हिरवा आणि तांबडा असे दोन बाण माझ्या डोळ्यांदेखत एकाच दाव्याला बांधलेले होते.

नाक मुरडायचा मला तरी काय अधिकार? आषाढात कोल्हापुरात गल्लीगल्लीतून टेंबलाईला नवे पाणी वाहतात. माझी आत्या दरवर्षी डोक्यावर कलश घेऊन जाते, आणि त्या नैवेद्यावर मी दरवर्षी ताव मारते. आमची देवी जागच्या जागी शांत होते, एवढाच फरक.

वासरू विष्णूचे होते. तिशीतला, अबोल. त्याच्या गोठ्यात आणखी दोन गुरे आजारी होती. मी रीतसर विचारले, “महिन्याभरात या गोठ्यातलं कुठलं जनावर विकलंत का?”

“बाजार बंद हाय की, डाक्टरीनबाई. दावंसुदीक इकलं न्हाय.”

वासराच्या पाठीवरचा हात त्याने काढला नाही. मी त्याचे उत्तर टिपले, पुढचे काही विचारले नाही.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय कार्यालयात फोन केला. वरच्या गावाकडे पथक निघालेच होते, कातळवाडीला लस सोमवारी पोहोचणार होती. लशीचा असर व्हायला त्यापुढेही काही दिवस लागतात. वासरू मात्र रविवारी पोहोचणार होते.

१८ सप्टेंबर, शीव

भुईबावडा घाटाच्या पहिल्या वळणाआधी शेंदूर लावलेला एक दगड आहे. पाऊस रिमझिमत होता. वरचे पंधरा-वीस जण होते, खालून तिघे आले होते. मी उभी राहून विषाणू, माशी, गोचीड असे सगळे समजावले. लोकांनी ऐकून घेतले. मग गुरवआबा म्हणाले, “तुमचं खरं आसंल. पर देवी पाटावरनं उठवलीया. उठवल्याली देवी घरात ठेवतात काय?”

“देवीला जाऊ द्या, वासराला ठेवा.”

“गाडा कोन नेनार? शिवंवरनं म्होरं न्यायला ह्येंचा हात लागतोय, आन् तुमी तर ह्येंस्नी भ्या घातलंय.” खालचे तिघे खरोखरच दोन पावले मागे सरले होते.

तेव्हा हमीदचाचा टेम्पोतून उतरले. “आबा, मी नेतो. थेट खाडीवर. मदल्या कुटल्या गावात ब्रेक मारत न्हाय.”

मागून कुणीतरी पुटपुटले, “मुसलमानाच्या गाडीतनं?”

आबांनी मान न वळवता उत्तर दिले, “ह्येच्या आज्याच्या बैलावरनं मीठ यायचं. ते खाताना इचारलंवतं काय तुज्या आज्यानं?”

“आजवर तुमची देवी चालत गेली,” चाचा म्हणाले, “एकदा गाडीत बसू द्या. भाडं घेत न्हाय.”

लोक हसले, आणि हसण्यातच निर्णय झाला. गाड्यातली दावी जाळायला मी सांगितले. आबांनी त्याला धुरी म्हटले आणि कडुनिंबासकट ती पेटवली. वासराचे दावे सोडायला सर्वांत आधी पुढे आला तो विष्णू. जवळजवळ ओढतच त्याने वासराला माघारी, वरच्या दिशेला नेले. शास्त्रीय विवेचनाचा एका शेतकऱ्यावर झालेला परिणाम म्हणून मी ते दृश्य मनात जपून ठेवले.

खारेपाटण, भरतीची वेळ

चाचांनी शब्द पाळला. घाटात इंजिन तापून धूर आला, तेव्हाही ते गावाबाहेर, शेतातल्या पाणंदीत थांबले. “तुज्या थर्मामीटरनं ह्येचा बी ताप बघ,” एवढेच म्हणाले.

खाडीकाठी त्यांनी चपला काढल्या आणि गुडघाभर पाण्यात जाऊन गाडा सोडला. भरतीने तो पुन्हा पायाशी आणला. पुन्हा सोडला, पुन्हा आला. शेवटी पाणी उतरू लागल्यावर तो लिंबे सांडत समुद्राच्या दिशेने निघाला.

“गेली,” चाचा म्हणाले. “आता तिकडं कुटं लागंल, अल्ला जाने.”

ब्रह्मपुरीची कांस्ये याच पाण्यावरून आली होती. जी वाट आपण शेवट म्हणून वापरत होतो, ती कुणाच्या तरी सुरुवातीची होती. ही कल्पना मला सुंदर वाटली आणि लगेच तिची भीतीही वाटली. समुद्रालाही पलीकडची शीव असतेच.

१९ ते २१ सप्टेंबर, कातळवाडी

चाचा गूळ पोहोचवायला किनाऱ्याने पुढे गेले. परतताना मला घ्यायचे ठरले. मी लसीकरणाला हातभार लावायला मागे फिरून कातळवाडीत आले. माझी सोय सगुणावहिनींकडे झाली. घरात त्या आणि त्यांच्या सासूबाई. नवरा इचलकरंजीला मागावर, पाळीपाळीने काम करणारा.

वहिनींचे बोलणे ऐकून मला घरी आल्यासारखे वाटले, कारण ते आमच्याकडचेच होते. सासूबाईंनी लगेच टोमणा मारला, “बारा वर्सां झाली हिका, पण बोलणा अजून घाटावरचाच.”

“आत्ती, भाकरी बी घाटावरचीच करू काय?” वहिनी चुलीवरून म्हणाल्या.

भाकरी तांदळाची होती, सोबत कुळथाचे पिठले आणि भाजलेली सुकट. कोल्हापुरात आम्ही सुकट पुडीत बांधून आणतो आणि वास येतो म्हणून बाहेरच्या बाजूला ठेवतो. इथे ती पाहुण्याच्या ताटात मानाने येते. उलट माझ्याबरोबर आलेल्या गुळाचा रवा सासूबाईंनी देवापुढे ठेवला आणि मगच फोडला. घाटाच्या एका बाजूला जे रोजचे, ते दुसऱ्या बाजूला नवलाचे. सगळा व्यापार एवढ्यावरच उभा आहे.

गोठ्यात एकच गाय होती. चांदी. आठ महिन्यांची गाभण, कान टवकारलेली, शिंगाला हिरव्या खणाची पट्टी बांधलेली. मी ती पट्टी पाहिली आणि सजावट म्हणून सोडून दिली.

“ही याली की दूध माज्या नावानं डेरीत जाईल,” वहिनी म्हणाल्या. “मग त्यांस्नी सांगणार, माग सोडा आन् घरला या. धा वर्सं झाली बगा, सनापुरतं येत्यात. लेकरू बी न्हाय, मानूस बी न्हाय. आत्ती आन् मी एकमेकींस्नी शिव्या देत दीस काडतो.”

“मी खंय शिव्या देतंय?” सासूबाई आतून म्हणाल्या.

चांदीचा ताप ३८.६. निरोगी गायीचा असतो तेवढाच. मी विचारले, “बाजारातून एवढ्यात आणली का?”

“न्हाय हो. बाजार बंद हाय की.”

वाडीतल्या प्रत्येक घरी मी हाच प्रश्न विचारला. कुणीही जनावर विकत आणलेले नव्हते. पथक सोमवारी आले, प्रत्येक जनावराला वेगळी सुई वापरून लस दिली गेली. मंगळवारी चांदीचा ताप ३८.५, बुधवारी ३८.७. वाडीतल्या दगडी डोणीवर सगळी गुरे एकत्र पाणी पीत होती, आणि मी ते समाधानाने पाहत होते. “काळजी करू नका,” मी वहिनींना म्हणाले. “तुमची वाडी सुटली. साथ शिवेवरच अडवली आपण.”

“तुमच्या तोंडात साकर पडो,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी खरोखरच गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला.

बुधवारी संध्याकाळी, रेंज मिळते त्या टेकाडावर उभी राहून मी अर्ज पाठवून दिला. त्यात या प्रवासाचे एक पान होते. माल, धर्म आणि रोग यांची साखळी कशी असते आणि ती एका ठिकाणी कशी तोडता आली, असे. कातळवाडीतील बाधित जनावरे: शून्य.

२२ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी चाचांचा टेम्पो सुकटीच्या वासासकट दारात आला. मी सॅक उचलली तोच वहिनी गोठ्यातून बाहेर आल्या. “पेंडीला तोंड लावंना झालीया,” त्या म्हणाल्या. “पावसानं आसंल न्हवं?”

चांदी मान खाली घालून उभी होती. डोळ्यांतून पाणी, पुढचा पाय किंचित सुजलेला. मी मानेवरून हात फिरवला. कातडीखाली सुपारीएवढे काहीतरी बोटाला लागले. त्याच्या शेजारी आणखी एक. खांद्यावर तिसरे.

मला जे वाटले त्याला धक्का हा शब्द पुरत नाही. पायाखालची जमीन जागेवर होती, पण माझा नकाशा तिच्यावरचा नव्हता. लस देऊन तीनच दिवस झाले होते. लशीचीही एखाद-दुसरी गाठ येते, मला माहीत आहे. ती टोचल्या जागी येते आणि जनावर खाणे सोडत नाही. लागण सोमवारच्या आधीची होती. गाडा गावात शिरला नव्हता. वासरू शीव ओलांडून आले नव्हते. बाजार बंद होता.

“वहिनी, ही गाय आली कुठून?”

“म्हायेरनं की. दादानं ह्या गौरीला दिली, पंधरा-ईस दीस झालं.” त्यांनी शिंगावरच्या खणाला हात लावला. “वटी भरून लावून दिलीया, बगितला न्हाईसा ह्यो खन? घाट उतरून सोता चालत घिऊन आला.”

“मी विचारलं होतं तुम्हाला. बाजारातून आणली का म्हणून.”

“मग? बाजारातनं कुटं आनली? भावानं दिली.”

“दादा कुठले?”

“पिंपळवाडीचा. इष्णू. का वो? त्येच्या वासराला गाठी आल्यात म्हनून फोन आलावता. पर चांदी त्येच्या आदीच आल्याली न्हवं.”

मी विष्णूला विचारले होते: विकलेत का? त्याने खरे सांगितले होते. सगुणावहिनींना विचारले होते: विकत आणली का? त्यांनी खरे सांगितले होते. आणि या दोन खऱ्या उत्तरांच्या मधून एक आख्खी गाय घाट उतरून गेली होती. वासराचे दावे ओढत तो इतक्या घाईने माघारी का फिरला, हे मला आता कळले. माझ्या विवेचनाने नव्हे. खाली त्याची बहीण होती. आपण दिलेल्या गायीपर्यंत आपलेच आजारी वासरू जाऊ नये, एवढेच त्याला हवे होते. गाय आधीच आजार घेऊन गेली असेल हे त्याला सुचले नाही. मला सुचायला हवे होते.

माझ्या नकाशात व्यापाऱ्याचा बाण होता, भिक्षूचा होता, फकिराचा होता, देवीचाही होता. बहिणीला दिलेल्या गायीचा नव्हता. कारण आमच्याकडे माहेरच्या वस्तूला कुणी माल म्हणत नाही. माझ्या आईच्या लग्नात आलेली समई आमच्या घरात आहे. ती कुठून आली असे विचारले तर आई ‘बाजारातून’ म्हणणार नाही. या घाटातून किती जनावरे, किती बियाणे, किती आजार लेकींच्या मागोमाग उतरले आणि चढले असतील, आणि त्याची वाट जुन्या व्यापाराच्या कुठल्याच चित्रात नसेल.

“चाचा,” मी म्हणाले, “तुम्हाला ठाऊक होतं का, विष्णूची बहीण इथं दिलीय?”

“व्हय की. लगनाला गेलतो मी.” ते माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. “तू इचारलं न्हाईस, बेटा.”

सासूबाई ओट्यावर आल्या होत्या. त्या सुनेला काही बोलतील असे मला वाटले. त्या म्हणाल्या, “मळ्याकडच्या मांगरात न्हेऊन बांध तिका. डोणीर सोडू नको. मी सांगतंय वाडीत.” आणि काठी टेकत त्या घरोघर सांगायला निघाल्या, जे काम माझे होते.

मी त्यांच्यामागे गेले. डोण रिकामी करून घासली, कार्यालयाला फोन केला, वाडीतली गुरे पुन्हा एकेक करून पाहिली. कुणाला ताप नव्हता. हे वाक्य मी या वेळी कुणापुढे उच्चारले नाही. मग टेकाडावर जाऊन अर्ज पाठवला होता तिथे दुरुस्ती पाठवली: शून्य चुकीचे आहे, कारण मी चुकीचा प्रश्न विचारला. अजून उत्तर आलेले नाही.

शेवटी मांगरात गेले. ते शेतातले खोपट. कडुनिंबाच्या धुराने भरले होते. वहिनींनी मच्छरदाणी आणून गायीभोवती बांधली होती. नवरा सुट्टीला आला की झोपतो ती. शिंगावरचा खण मात्र त्यांनी सोडला नव्हता.

“वासरू ऱ्हाईल न्हवं पोटातलं?” त्यांनी विचारले.

या खेपेला मी म्हणाले, “माहीत नाही.”

त्यांनी मान हलवली आणि गायीची शेपटी माझ्यासाठी बाजूला धरली. पहिला आकडा मला पटला नाही. थर्मामीटर पुसला आणि पुन्हा लावला. पावसाचा आवाज होता, म्हणून आकडा आल्याची त्याची बीप मला ऐकू आली नाही, वहिनींना आली.

“किती हाय?”

४०.९.